व्हिनेगरमध्ये ॲसिड किती? ब्युरेट आणि पिपेटला नाव देणाऱ्या गे-ल्युसॅक यांची गोष्ट

मित्रांनो, घरातल्या व्हिनेगरच्या बाटलीचं लेबल कधी नीट वाचलंय का? मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ॲसेटिक ॲसिड 4 टक्के, कुठे 5 टक्के. चायनीजच्या गाडीवर हिरव्या मिरच्या ज्यात बुडवलेल्या असतात, तेच हे. आपण आकडा वाचतो आणि बाटली ठेवून देतो. पण तो आकडा खरा आहे की नाही, हे बघायचं कसं?

पीएच पट्टी बुडवून? नाही जमणार. ॲसेटिक ॲसिड हे दुर्बल आम्ल आहे. पाण्यात त्याचा अगदी थोडा भाग सुटा होतो आणि पट्टीला तेवढाच दिसतो. व्हिनेगरमध्ये बरोब्बर अर्धं पाणी घातलं, तरी पीएच फक्त 0.15 च्या आसपास वाढतो. पट्टीच्या रंगात हा फरक डोळ्यांना कळतही नाही. म्हणजे कुणी निम्मं पाणी मिसळलं, तरी पट्टी गप्पच.

मग उरतं टायट्रेशन. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण सगळ्यांनी केलेलं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे, फ्लास्क हलवत राहायचा, गुलाबी झालं की थांबायचं. खरं सांगतो, मी बारावीत असताना तिसरं रीडिंग घेतलंच नव्हतं. पहिली दोन बऱ्यापैकी जुळली होती, वेळ संपत आला होता, म्हणून जर्नलमध्ये तिसरा आकडा मनानंच लिहिला. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे ब्युरेट आणि पिपेट ही नावं आली कुठून हे शोधताना एका माणसाचं आयुष्य वाचनात आलं, आणि ते तिसरं रीडिंग आठवून लाज वाटली.

त्यांचं नाव जोसेफ लुई गे-ल्युसॅक. अकरावीच्या पुस्तकात वायूंच्या नियमांमध्ये हे नाव येतं. पण परीक्षेच्या पलीकडे त्यांची ओळख फारशी कुणी करून देत नाही. चला, आज ती करून घेऊ.

तुरुंगात गेलेले वडील, कॉलेजात गेलेला मुलगा

गे-ल्युसॅक यांचा जन्म 6 डिसेंबर 1778 चा. फ्रान्समध्ये लिमोज शहराजवळ सेंट-लिओनार नावाचं गाव आहे, तिथला. वडिलांचं आडनाव नुसतं गे. ते वकील होते, सरकारी कामही बघायचे. ल्युसॅक नावाच्या वस्तीत त्यांची जमीन होती. त्याच आडनावाच्या इतरांपासून वेगळं ओळखू यावं, म्हणून जमिनीचं नाव आडनावाला जोडलं गेलं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तसंच.

मुलगा दहा वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. 1793 मध्ये संशयितांची धरपकड सुरू झाली आणि वडिलांना अटक झाली. त्या दिवसांत अटक झालेला माणूस परत येईलच याची खात्री नसायची. सुदैवानं वडील सुटले. पण घराची घडी विस्कटली होती.

क्रांतीनं एक चांगलं काम मात्र केलं. पॅरिसमध्ये इकोल पॉलिटेक्निक नावाची नवी संस्था उघडली. प्रवेश घराण्यावर नाही, परीक्षेवर. 1797 मध्ये गे-ल्युसॅक तिथे दाखल झाले. पुढे रस्ते आणि पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या कॉलेजात गेले, पण पूल काही बांधले नाहीत. क्लॉद बर्थोले या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं आणि गाडी तिकडे वळली ती कायमची. हे बर्थोले लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत.

ज्या नियमाचं श्रेय त्यांनी दुसऱ्याला दिलं

1802 मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच, त्यांनी पहिलं मोठं काम छापलं. दाब तोच ठेवून वायू तापवला तर तो किती फुगतो, हे त्यांनी मोजलं. ऑक्सिजन असो, हायड्रोजन असो की साधी हवा, सगळे वायू सारख्याच प्रमाणात फुगतात असं दिसलं. आधीच्या लोकांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, कारण त्यांच्या भांड्यांमध्ये पाण्याचा अंश राहायचा आणि त्याची वाफ व्हायची. गे-ल्युसॅक यांनी वायू आणि भांडी कोरडी करण्यावर सगळा भर दिला. झालं, आकडे जुळले.

आता गंमत बघा. हा नियम आपण चार्ल्सचा नियम म्हणून शिकतो. का? कारण जॅक चार्ल्स यांनी साधारण पंधरा वर्षं आधी असे प्रयोग केले होते, पण कुठे छापले नव्हते. गे-ल्युसॅक यांना हे समजलं आणि त्यांनी आपल्याच निबंधात तसं लिहून टाकलं. लिहिलं नसतं, तर चार्ल्स यांचं नाव त्या नियमाला कदाचित लागलंही नसतं. उलट दाब आणि तापमानाचा जो नियम आज गे-ल्युसॅक यांच्या नावानं आहे, त्याची सुरुवात त्यांच्या शंभर वर्षं आधी आमोंतों यांनी केली होती. नावांचा हिशेब हा असा.

7016 मीटरवर एकटे

तुमच्या फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतो. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरही असतो. 1804 मध्ये हीच उपकरणं पितळेची, लाकडाची आणि काचेची होती, आणि ती घेऊन गे-ल्युसॅक आकाशात गेले.

उंचावर पृथ्वीचं चुंबकत्व कमी होतं का? वरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं असतं का? या दोन प्रश्नांसाठी हायड्रोजनचा फुगा तयार झाला. 24 ऑगस्टला ते ज्याँ-बाप्तिस्त बिओ यांच्याबरोबर साधारण 4000 मीटरपर्यंत गेले. तेवढ्यानं समाधान झालं नाही. दोन माणसांचं वजन जास्त होत होतं, म्हणून 16 सप्टेंबरला ते एकटेच निघाले आणि 7016 मीटरवर पोहोचले. चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्याहून उंच. ऑक्सिजनचा मास्क नाही, उबदार सूट नाही. पारा शून्याखाली साडेनऊ अंशांवर गेला. श्वास आणि नाडी जलद झाली, घसा इतका कोरडा पडला की गिळताही येईना. त्यातही ते आकडे टिपत राहिले. साडेसहा हजार मीटरच्या आसपास त्यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या बाटल्या उघडल्या, वरची हवा भरून घेतली आणि पुन्हा बंद केल्या.

खाली येऊन तपासलं. वरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पॅरिसच्या हवेइतकंच निघालं. चुंबकत्वातही ठळक फरक दिसला नाही. जीव धोक्यात घालून आणलेलं उत्तर होतं: काही बदलत नाही. असलं उत्तर आलं की माणसाला आकडे थोडे इकडेतिकडे करावेसे वाटतात. त्यांनी जे आलं तेच लिहिलं.

पुढच्या वर्षी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्याबरोबर त्यांनी पाण्याचं मोजमाप केलं. दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. गंमत म्हणजे याआधी गे-ल्युसॅक यांनी हुम्बोल्ट यांच्या एका कामावर कडक टीका केली होती. त्यातूनच दोघांची ओळख झाली आणि मैत्री जन्मभर टिकली. 1808 च्या अखेरीस त्यांनी नियम मांडला की वायू एकमेकांशी साध्या, पूर्ण अंकांच्या प्रमाणात संयोग पावतात. डाल्टन यांना तो पटला नाही. 1811 मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी त्याचा अर्थ लावला.

स्फोट आणि काउंटरखालचं पुस्तक

1808 हे वर्ष दुसऱ्या कारणानंही महत्त्वाचं. लुई थेनार यांच्यासोबत ते पोटॅशियमवर काम करत होते. त्यातूनच दोघांनी बोरॉन हे मूलद्रव्य वेगळं केलं. पण एका प्रयोगात पोटॅशियमचा स्फोट झाला आणि गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी जाते की काय अशी वेळ आली होती. ज्या माणसाचं सगळं काम काचेवरच्या बारीक रेघा वाचण्याचं, त्याच्यासाठी हे किती मोठं संकट असेल, विचार करा.

त्याच सुमारास त्यांचं लग्न झालं. मुलीचं नाव जनव्हीएव्ह. ती कापडाच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली लपवून पुस्तक वाचायची. गे-ल्युसॅक यांनी बघितलं तर ते पुस्तक रसायनशास्त्राचं! 1809 मध्ये दोघांचा संसार सुरू झाला. त्यांचा मोठा मुलगा पुढे रसायनशास्त्र शिकायला युस्टुस लीबिग यांच्याकडे जर्मनीत गेला. हे लीबिग म्हणजे एके काळचे गे-ल्युसॅक यांचेच विद्यार्थी. एखादा प्रयोग जमला की गुरुजी आपल्याला धरून टेबलाभोवती नाचायचे, अशी आठवण लीबिग यांनी सांगून ठेवली आहे.

नीळ, कापड आणि एक छोटा चंबू

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

पूर्वी युरोपात कापड पांढरं करायला ते कित्येक आठवडे उन्हात पसरून ठेवत. मग बर्थोले यांनी, म्हणजे गे-ल्युसॅक यांच्या गुरूंनीच, क्लोरीननं हे काम झटपट होतं हे दाखवलं. ब्लीचिंग पावडरचा धंदा वाढला. अडचण एकच. पावडर ठेवून ठेवून जुनी झाली की तिचा जोर कमी होतो, आणि बघून ते कळत नाही. कमी जोराची पावडर घेतली तर पैसे वाया, जास्त जोराची पडली तर कापड खराब. विकणारा म्हणणार जोरदार आहे, घेणारा म्हणणार फसवलं. निवाडा कसा करायचा?

क्लोरीन निळीचा रंग घालवतो. त्या काळी युरोपात बरीचशी नीळ आपल्या बंगालमधून जायची. तिचा वापर करून क्लोरीनचा जोर मोजायची कल्पना देक्रोईझी यांनी आधीच काढली होती, रेघा आखलेली नळीही वापरली होती. 1824 मध्ये गे-ल्युसॅक यांनी ही पद्धत शिस्तीत बसवली. ठरावीक आकारमानाचा क्लोरीन वायू किती निळीचा रंग घालवतो, ही मोजपट्टी ठरवली. वायूंचं जुनं काम इथे कामाला आलं. आणि याच निबंधात पिपेट आणि ब्युरेट हे शब्द आजच्या अर्थानं आले.

पिपेट म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी नळी. आणि ब्युरेट म्हणजे? तेल किंवा व्हिनेगर वाढायचा छोटा चंबू! म्हणजे आपण ब्युरेट घेऊन व्हिनेगर तपासतो, तेव्हा शब्द आपल्या माहेरीच आलेला असतो.

त्यांच्या ब्युरेटला तोटी नव्हती. बाजूला एक बारीक नळी असायची, ती वाकडी करून थेंब पाडायचे. रबरी नळी आणि चिमटा लावलेली सोयीची ब्युरेट जर्मनीच्या फ्रीडरिश मोर यांनी 1855 च्या आपल्या पुस्तकातून सगळीकडे पोहोचवली.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. बाजारातली नीळ प्रत्येक वेळी सारखी नसते आणि तिचं द्रावण ठेवल्यावर बिघडतं. म्हणजे ज्या मापानं दुसऱ्याला मोजायचं, ते मापच डळमळीत. 1835 मध्ये गे-ल्युसॅक यांनी आपली स्वतःची पद्धत बाजूला सारली आणि जास्त भरवशाचं आर्सेनिकचं द्रावण घेतलं. अकरा वर्षं चाललेली, नाव मिळवून दिलेली पद्धत अपुरी आहे हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं.

चांदीचा कस

टायट्रेशन हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा एक अर्थ आहे सोन्याचांदीची शुद्धता. आपण म्हणतो ना, बावनकशी सोनं, तो कस. आणि गे-ल्युसॅक यांच्याकडे हेच काम आलं. 1829 मध्ये पॅरिसच्या टांकसाळीत ते मुख्य परीक्षक झाले.

तोपर्यंत चांदी भट्टीत तापवून तपासत. पण त्यात थोडी चांदी उडून जायची, थोडी मुशीत मुरायची. त्यामुळे चांदी असेल त्यापेक्षा कमी दिसायची. फरक हजारात काही भागांचाच. पण टांकसाळीत चांदी टनावारी येते. तिथे हजारात चार म्हणजे एका टनात चार किलो! शिवाय जगभर मान्य असलेली जुनी पद्धत चुकीची आहे असं म्हणायला पुरावाही तेवढाच पक्का हवा.

1832 मध्ये त्यांनी उत्तर छापलं, आणि ते निघालं साधं मीठ. चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची आणि त्यात मिठाचं पाणी सोडायचं. पांढरा साका खाली बसतो. साका धरायचा थांबला की चांदी संपली. मिठाचं पाणी असं बनवलेलं की 100 मिलिलिटरला बरोब्बर 1 ग्रॅम चांदी. शेवटी त्याच्या दहापट पातळ द्रावण वापरायचं, म्हणजे एका मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम. भट्टी नाही, धूर नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांच्या टांकसाळींनी घेतली.

आता व्हिनेगर तपासू

व्हिनेगरवरचा असा प्रयोग त्यांच्याही आधीचा. 1729 मध्ये क्लॉद जोसेफ जॉफ्रुआ यांनी व्हिनेगरमध्ये पोटॅशियम कार्बोनेटची पूड चिमूट चिमूट टाकली. फसफसणं थांबेपर्यंत किती पूड लागली, तेवढा त्या व्हिनेगरचा जोर. आज आपण तेच नीट मापात करतो. कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखालीच करा. कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर वाईट.

1. पिपेटनं 10 मिलिलिटर व्हिनेगर घ्या, पाणी घालून 100 मिलिलिटर करा. पिपेट तोंडानं ओढू नका, रबरी फुगा वापरा.
2. त्यातलं 10 मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्या. म्हणजे मूळ व्हिनेगर झालं 1 मिलिलिटर. फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाका.
3. ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड भरा आणि थेंब थेंब सोडा.
4. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो, घाबरू नका.

फिनॉल्फथॅलिनच का? ॲसिड संपतं त्या क्षणी फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेट असतं आणि ते किंचित अल्कधर्मी असतं. फिनॉल्फथॅलिन त्याच पट्ट्यात रंग बदलतं. मिथिल ऑरेंज वापरलं तर रंग खूप आधीच बदलेल आणि ॲसिड कमी दिसेल.

हिशेब सोपा. 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रत्येक मिलिलिटर 6 मिलिग्रॅम ॲसेटिक ॲसिड संपवतो. समजा रीडिंग आलं 6.8. मग 6.8 गुणिले 6, म्हणजे 40.8 मिलिग्रॅम, तेही 1 मिलिलिटर व्हिनेगरमध्ये. 100 मिलिलिटरमध्ये 4.08 ग्रॅम, म्हणजे साधारण 4.1 टक्के. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किमान 3.75 टक्के हवं, तर हे पास. रीडिंग 5.0 आलं असतं तर 3 टक्के, म्हणजे गडबड. पट्टीला जे दिसलं नाही, ते ब्युरेटवर जवळजवळ दोन मिलिलिटरच्या फरकानं समोर येतं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. यातून एकूण ॲसिड कळतं, ते फळांपासून बनलंय की कारखान्यात, हे कळत नाही.

फोनचा उपयोग? ब्युरेटची पातळी वाचताना डोळा वर-खाली झाला की आकडा चुकतो. फोन स्टँडवर, बरोबर पातळीसमोर ठेवून फोटो काढा आणि झूम करून वाचा.

आणि हो, सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. बाटलीवर 0.1 लिहिलंय म्हणून ते 0.1 असतंच असं नाही. आधी ऑक्झॅलिक ॲसिडसारख्या शुद्ध पदार्थावर ते तपासून घ्यावं लागतं. निळीची तीच गोष्ट: आधी माप तपासा, मग माल.

शेवटचा हिशेब

पुढे गे-ल्युसॅक 1831 मध्ये संसदेत निवडून गेले. सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यात वाया जाणारे वायू परत पकडणारा मनोरा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. दारूतल्या अल्कोहोलचं टक्क्यांत मोजमापही त्यांनीच फ्रान्समध्ये रुळवलं.

आयुष्याच्या शेवटी ते रसायनशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहीत होते. प्रकृती ढासळली आणि तो पुरा होणार नाही हे दिसलं, तेव्हा त्यांनी मुलाला ते हस्तलिखित जाळून टाकायला सांगितलं. वाचून वाईट वाटतं. पण अर्धवट तपासलेलं काही आपल्या नावावर राहू नये, असंच त्यांना वाटलं असावं, असं मला वाटतं. 9 मे 1850 ला पॅरिसमध्ये ते गेले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांमध्ये त्यांचंही नाव आहे.

मित्रांनो, आपण लेबल वाचून वस्तू विकत घेतो, कारण कुठेतरी कुणीतरी ब्युरेटसमोर उभं राहून खरा आकडा लिहिलाय यावर आपला विश्वास असतो. उद्या त्या जागी तुमच्यापैकीच कुणी असेल. तेव्हा तिसरं रीडिंग घ्या. नाही जुळलं तर चौथं घ्या. मी बारावीत जे केलं, ते करू नका.